दुर्मीळ शब्दांचा सोस

पुण्यात अप्पा बळवंत चौकातून निघून सदाशिव पेठ, नवी पेठ करत शास्त्री रोडला लागले, की वाटेतल्या पुस्तकांच्या दुकानांत आणि झेरॉक्सच्या गाळ्यांत एक माल हमखास दिसतो, तो म्हणजे इंग्रजी शब्दांच्या याद्या. हजार वाक्प्रचार, पाचशे ‘वन वर्ड’ (शब्दसमूहाबद्दल एक शब्द), तीन हजार समानार्थी-विरुद्धार्थी, मागच्या दहा वर्षांत विचारलेले शब्द, येत्या परीक्षेत येणारच असे शब्द. अभ्यासिकांमध्ये तयारीची एक वाटणीही ठरून गेली आहे. गणिताला सराव, बुद्धिमत्तेला ट्रिक, सामान्य अध्ययनाला नोट्स आणि इंग्रजीला पाठांतर. या वाटणीतला शेवटचा भाग इतका सर्वमान्य झाला आहे की त्यावर कुणी वाद घालत नाही. या लेखात तो घालायचा आहे.

खंडनाचा आपल्याकडचा जुना शिरस्ता असा, की पूर्वपक्ष आधी मांडायचा आणि तो इतका नीट मांडायचा की समोरच्यानेही मान डोलवावी. कच्चा पूर्वपक्ष उभा करून तो पाडण्यात काही पुरुषार्थ नाही. म्हणून यादीच्या बाजूने जे सांगितले जाते ते आधी पुरते ऐकून घेऊ.

यादीवाल्यांचा पहिला मुद्दा पुनरावृत्तीचा आहे. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षा अनेक दिवस, अनेक शिफ्टमध्ये चालतात आणि प्रत्येक शिफ्टला वेगळी प्रश्नपत्रिका लागते. एवढे प्रश्न काढायचे म्हटल्यावर तेच वाक्प्रचार आणि तेच ‘वन वर्ड’ फिरून फिरून येणारच, आणि येतातही. दुसरा मुद्दा वेळेचा. याच कमिशनच्या सीजीएल या पदवीधरांसाठीच्या परीक्षेत टियर वनमध्ये, म्हणजे पहिल्या टप्प्यात, ६० मिनिटांत १०० प्रश्न सोडवायचे असतात. उतारा वाचण्यात मिनिटे जातात, पाठ असलेला वाक्प्रचार मात्र बघताक्षणी सुटतो. शिवाय पर्याय समोर असतात, त्यामुळे शब्द वापरता येण्याची गरज नाही, ओळखता आला की पुरे. तिसरा मुद्दा सामाजिक आहे आणि तो सगळ्यात वजनदार. मराठी माध्यमातून, तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलामुलींच्या घरात इंग्रजीचे वारे नसते. ‘वाचन वाढवा’ हा सल्ला ज्यांच्या घरी लहानपणापासून इंग्रजी मासिके येत होती त्यांनी द्यावा. ज्यांच्या हाती एकच वर्ष आणि मेसचे पैसे मोजून दिलेले, त्यांना मोजून-मापून पाठ करता येईल असे काहीतरी हवे. यादी ते देते. चौथा मुद्दा परंपरेचा. पाढे पाठ करूनच आपल्याकडे हिशेब शिकवला गेला, अमरकोश पाठ करूनच संस्कृत शिकवले गेले. मग इंग्रजीच्याच पाठांतराला नाक मुरडायचे कारण काय?

हे चारही मुद्दे पोकळ नाहीत. पुनरावृत्ती होते हे खरे, वेळ कमी असतो हेही खरे. तरीही त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, असे माझे म्हणणे आहे. पाठांतर वाईट म्हणून तो चुकीचा आहे, असे मात्र मी म्हणत नाही. मराठी उमेदवाराची इंग्रजीतली खरी तूट कुठे आहे याचा अंदाजच या पक्षाने चुकवला आहे. गुण जातात ते कधी न ऐकलेल्या शब्दांपायी कमी आणि रोज ऐकलेल्या, पण अर्धवट कळलेल्या शब्दांपायी जास्त. यादी पहिल्या प्रकारची तूट भरते आणि दुसरीकडे ढुंकूनही बघत नाही.

आधी गुणांचे गणित पाहू. सीजीएलची टियर वन सध्याच्या रचनेत पात्रतेपुरती उरली आहे आणि निवड टियर टूवर होते. तिच्यात इंग्रजीचे ४५ प्रश्न, प्रत्येकी ३ गुणांचे, म्हणजे १३५ गुण असतात. बहुतेक पदांची गुणवत्ता यादी ज्या ३९० गुणांवर ठरते, त्यांत हा वाटा एक तृतीयांशाहून अधिक आहे. आयोगाने अभ्यासक्रमात प्रश्नांचे प्रकारही दिले आहेत. वाक्यातली चूक शोधणे, गाळलेल्या जागा, समानार्थी, विरुद्धार्थी, स्पेलिंग, वाक्प्रचार, ‘वन वर्ड’, वाक्यसुधारणा, प्रयोग बदलणे, कथन बदलणे, वाक्याचे तुकडे जुळवणे, परिच्छेदातली वाक्ये जुळवणे, क्लोज म्हणजे जागोजागी शब्द गाळलेला उतारा आणि आकलनाचा उतारा. या चौदांपैकी यादी थेट कामाला येते ती पाच ठिकाणी. त्या पाचांचे प्रश्न संख्येने बरेच असतात, हे मान्य. पण उरलेल्या नऊ प्रकारांत यादीतला सुटा शब्द फारसा हात देत नाही. बँकांच्या परीक्षांत तर सुटा वाक्प्रचार देऊन अर्थ विचारण्याची पद्धत मागेच पडली आहे. तिथे शब्दसंग्रह तपासतात तो बहुतेक वाक्यात किंवा उताऱ्यात बसवून.

‘ओळखता आले की पुरे’ या म्हणण्यातही एक गोम आहे. टियर टूमध्ये चुकीच्या उत्तराला १ गुण कापतात. आंधळेपणाने चार प्रश्न ठोकले तर सरासरीने एक बरोबर येणार आणि तीन चुकणार. मिळाले तीन, गेले तीन, हाती शून्य. पण उमेदवार आंधळेपणाने ठोकत नाही. तो अर्धवट आठवणीने ठोकतो, आणि प्रश्न काढणाऱ्याने चुकीचे पर्याय नेमके त्या अर्धवट आठवणीसाठीच रचलेले असतात. एक पर्याय शब्दशः अर्थाचा, एक उलट अर्थाचा, एक दिसायला सारखा. ज्याला काहीच माहीत नाही तो प्रश्न सोडून पुढे जातो, अर्धे माहीत असलेला आत्मविश्वासाने खड्ड्यात पडतो. यादीने वाढते ते हे अर्धे माहीत असणे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. एखाद्या परदेशी माणसाने मराठी शिकायला घेतली आणि ‘किंकर्तव्यमूढ’, ‘अजातशत्रू’, ‘पंक्तिप्रपंच’ असे शे-दोनशे शब्द पाठ केले, पण ‘लागणे’ हे क्रियापद त्याला नीट कळले नाही, तर त्याला मराठी आले असे आपण म्हणू का? भूक लागते, झोप लागते, डोळा लागतो, ठेच लागते, दृष्ट लागते, निकाल लागतो, बस लागते, पैसे लागतात, माणूस कामाला लागतो, नादी लागतो, आणि कुणीतरी कुणाचा तरी मामा लागतो. यांतला एकही शब्द कुठल्या यादीत येणार नाही, कारण तो ‘अवघड’ नाही. पण मराठी वर्तमानपत्राचे एक पान वाचायचे तर हेच क्रियापद पदोपदी आडवे येणार. इंग्रजीत ‘पुट’, ‘टेक’, ‘रन’, ‘फॉल’, ‘लुक’ यांचे हेच आहे. ‘पुट ऑफ’, ‘पुट आउट’, ‘पुट अप विथ’ यांत काना-मात्रेएवढा फरक आणि अर्थ तीन टोकांना. एक लांबणीवर टाकणे, एक विझवणे, एक सहन करणे. गाळलेली जागा, वाक्यसुधारणा आणि चूक शोधणे हे तिन्ही प्रकार मोठ्या प्रमाणावर इथेच खेळतात.

मराठी उमेदवारापुढे याच्या जोडीला एक खास अडचण आहे. शेकडो इंग्रजी शब्द त्याच्या मराठीत आधीच येऊन बसले आहेत आणि बसताना एकच अर्थ घेऊन बसले आहेत. ‘सँक्शन’ हा शब्द आपल्याला परका वाटतच नाही. कर्ज सँक्शन होते, रजा सँक्शन होते, रस्त्याला निधी सँक्शन होतो. म्हणजे मंजुरी. तो यादीत बघायला कोण जाणार? मग आकलनाच्या उताऱ्यात एका देशाने दुसऱ्यावर सँक्शन्स लादल्याचे वाक्य येते आणि वाचणाऱ्याला वाटते, काहीतरी मंजूर झाले. उताऱ्याखालचे सगळे प्रश्न तो त्याच समजुतीवर सोडवतो. ‘टेंडर’चेही तसेच. ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत टेंडर म्हणजे निविदा, पण इंग्रजीत राजीनामा टेंडर करतात आणि कोवळे वयही टेंडर असते. ‘अरेस्ट’ म्हणजे अटक हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. रुपयाची घसरण ‘अरेस्ट’ करण्यासाठी सरकारने पावले उचलली, असे वाक्य आले आणि त्या शब्दाच्या जागी बसणारा शब्द विचारला, की उमेदवार ‘कॅप्चर’कडे झुकतो आणि ‘चेक’ सोडून देतो, कारण चेक म्हणजे त्याच्या लेखी बँकेतला धनादेश किंवा तपासणी. या प्रश्नात दोन्ही शब्द दुसरी-तिसरीतल्या मुलाच्या कानावरून गेलेले आहेत. कुठलीही यादी हा गुण वाचवू शकत नाही.

ही ओरड नवी नाही आणि ती आधी ऐकू आली तीही आपल्याच उपखंडातून. मायकेल वेस्ट हे शिक्षणखात्यातले इंग्रज अधिकारी ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात होते. बंगालमधल्या मुलांचे इंग्रजी वर्षानुवर्षे शिकूनही कच्चे का राहते, याचा अभ्यास त्यांनी १९२६ साली प्रसिद्ध केला. शाळेच्या वाचनमालेत क्वचित लागणारे शब्द ठासून भरलेले आणि नेहमीचे शब्द पुन्हा पुन्हा भेटण्याची सोय नाही, हा त्यातला एक दोष त्यांनी नेमका हेरला. मग त्यांनी दुर्मीळ शब्द काढून नेहमीचे घालत नवी वाचनमाला तयार केली. पुढे १९५३ साली त्यांनी सुमारे २००० सर्वाधिक उपयोगी शब्दांचा कोश प्रसिद्ध केला आणि प्रत्येक शब्दाचा कोणता अर्थ किती वेळा येतो, तेही दिले. सामान्य इंग्रजी मजकुरातल्या दर १०० शब्दांपैकी ८० च्या आसपास शब्द याच २००० च्या कुळातले निघतात.

यावर यादीवाला म्हणेल, की २००० शब्द तर दहावीच्या मुलालाही येतात, प्रश्न पुढच्यांचा आहे. त्याचे हे म्हणणे अर्धे बरोबर आहे. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ साली दाखवले, की वर्तमानपत्र किंवा कादंबरी कोशाच्या मदतीशिवाय सलग वाचायची तर ८ ते ९ हजार शब्दकुळे (मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक कुळ) माहीत असावी लागतात. म्हणजे शब्द वाढवायला हवेतच. पण कोणते? २००० च्या पुढचा आणि ९००० च्या अलीकडचा हा मधला पट्टा आहे. ‘रिलक्टंट’, ‘स्केअर्स’, ‘कर्ब’, ‘प्रॉम्प्ट’, ‘वेअरी’, ‘अक्यूट’ असे शब्द त्यात राहतात. अग्रलेखात, उताऱ्यात, क्लोजमध्ये हेच भेटतात. लोकप्रिय याद्या मात्र या पट्ट्यावरून उडी मारून थेट पलीकडच्या टोकाला जातात, कारण तिकडचे शब्द भारी दिसतात आणि भारी दिसणाऱ्या शब्दांचे पुस्तक खपते. निरनिराळ्या भयगंडांची नावे आणि निरनिराळ्या हत्यांची नावे पाठ असलेला, पण ‘रिलक्टंट’ म्हणजे नाराज की नाखूश की नाइलाज हे न सांगता येणारा उमेदवार घडतो तो असा.

आता स्मरणाचा मुद्दा. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी अर्थहीन अक्षरगट स्वतः पाठ करून, किती वेळाने किती विसरते याचा हिशेब १८८५ साली मांडला. सगळ्यात मोठी गळती पहिल्याच काही तासांत आणि पहिल्या दिवसात होते, नंतर तिचा वेग मंदावतो. संदर्भ नसलेली यादी ही उमेदवारासाठी त्या अक्षरगटांच्याच जातीची असते. पण त्याहून बोलके निष्कर्ष अलीकडचे आहेत. एकाच अर्थगटातले नवे शब्द एकत्र शिकले तर ते एकमेकांत मिसळतात आणि शिकायला जास्त वेळ लागतो, असे संशोधक थॉमस टिंकहॅम यांना १९९३ साली आढळले आणि रॉब वेअरिंग यांना १९९७ साली जपानी विद्यार्थ्यांत तेच दिसले. आपल्या याद्या रचल्या जातात त्या नेमक्या याच पद्धतीने. ‘आनंदी’चे दहा समानार्थी एका पानावर, ‘कंजूष’चे आठ दुसऱ्या पानावर.

नॉर्मन लुइस यांचे १९४९ सालचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे पुस्तक पेठांमधल्या जवळपास प्रत्येक टेबलावर असते. त्यातले एक त्रिकूट घेऊ. मिसॅन्थ्रोप म्हणजे माणूसघाणा, मिसॉजिनिस्ट म्हणजे स्त्रीद्वेष्टा, मिसॉगॅमिस्ट म्हणजे लग्नाचा तिटकारा असलेला. लुइस यांनीही हे तिघे शेजारी ठेवले आहेत. पण मग त्यांनी पानेच्या पाने खर्च केली आहेत. धातू फोडून दाखवले, त्याच धातूंचे दुसरे शब्द आणले, उच्चार म्हणून घेतले, जोड्या लावायला दिल्या, वाक्यातल्या जागा भरायला दिल्या, आणि पुढच्या पाठात मागचे पुन्हा विचारले. पुस्तक वाचणाऱ्याला जागोजागी थांबवते, लिहायला लावते. आपल्याकडे त्याचा अर्क काढला गेला तेव्हा हे सगळे गळाले आणि उरल्या तीन ओळी, तीन शब्द, तीन अर्थ. परीक्षेत तिघे एकाच प्रश्नाच्या पर्यायांत उभे राहिले की त्या तीन ओळी एकमेकींत विरघळून जातात. दोष लुइस यांचा नाही, अर्क काढणाऱ्यांचा आहे.

अमरकोशाचा दाखला देणाऱ्यांनीही तो पुरा द्यावा. अमरकोश ही समानार्थी शब्दांचीच यादी आहे, हे खरे. पण ती अनुष्टुभात बांधलेली आहे. शब्दांचा क्रम छंद धरून ठेवतो, त्यामुळे एक शब्द दुसऱ्याच्या जागी घसरत नाही. तिच्यात शब्दाचे लिंगही कळण्याची सोय आहे, म्हणजे वापराची माहिती यादीच्या पोटातच आहे. आणि पाठशाळेत अमरकोश पाठ झाला की अभ्यास संपला असे कुणी मानत नसे. शेजारी रूपावली चाललेली असायची आणि मग रघुवंश समोर यायचा. कोश हा वाचनाकडे नेणारा दरवाजा होता. आज आपण दरवाजाच पाठ करतो आणि आत पाऊल टाकत नाही. परंपरेचा आधार घ्यायचा तर तो रघुवंशासकट घ्यायला हवा.

वाक्प्रचारांचे प्रकरण याहून वेगळे आहे, कारण तिथे पाठांतराला पर्याय नाही असे यादीवाल्यांचा विरोधकही मान्य करतो. शब्दांच्या बेरजेतून अर्थ निघत नाही म्हणूनच तो वाक्प्रचार, मग घोकण्याशिवाय काय करणार? पण कोल्हापूर-सांगलीकडच्या मुलाला ‘शड्डू ठोकणे’, ‘चारी मुंड्या चीत करणे’, ‘धोबीपछाड देणे’ हे कुणी घोकायला लावले होते? त्याने मैदान पाहिलेले असते, निदान मैदानाच्या गप्पा ऐकलेल्या असतात. राजकारणाच्या बातमीत हे शब्द आले की अर्थ आपोआप उलगडतो. इंग्रजीत कुस्तीची जागा मुष्टियुद्धाने घेतली आहे. मुष्टियोद्धा मार खात कडेच्या दोरांना टेकला की तो ‘ऑन द रोप्स’, म्हणजे हरायच्या बेतात. त्याच्या बाजूच्या माणसाने टॉवेल आत फेकला की हार मानली, ते ‘थ्रो इन द टॉवेल’. कमरेखाली मारायला बंदी, म्हणून ‘बिलो द बेल्ट’ म्हणजे नियम सोडून केलेला वार. एक आखाडा दाखवला की तीन वाक्प्रचार कळतात. आणि ‘लर्न द रोप्स’मधले दोर मुष्टियुद्धाचे नसून शिडाच्या जहाजावरचे आहेत, नव्या खलाशाने शिकायचे, हे कळले की ‘ऑन द रोप्स’शी होणारी गल्लत कायमची मिटते.

इथे कुणी विचारेल, की आत्ताच तर एका गटातले शब्द एकत्र शिकू नयेत असे सांगितले. टिंकहॅम यांनी याचेही उत्तर १९९७ साली दिले आहे. एकाच अर्थाचे किंवा एकाच जातीचे शब्द एकत्र आले तर अडचण होते, पण एकाच प्रसंगातले शब्द एकत्र आले तर शिकणे सोपे जाते. आखाडा, दोर, टॉवेल, पट्टा हा प्रसंग आहे. ‘मरणे’ या अर्थाचे सात वाक्प्रचार ही नुसती रास आहे. बेल्जियमचे फ्रँक बूर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाक्प्रचारांवर बरेच प्रयोग केले. वाक्प्रचार कुठल्या व्यवहारातून आला हे कळले की तो जास्त लक्षात राहतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

एक उदाहरण जरा जवळून पाहू. याद्यांमध्ये ‘रीड द रायट ॲक्ट’ याचा अर्थ ‘ताकीद देणे’ असा एका ओळीत दिलेला असतो. तो चूक नाही, फिका आहे. ब्रिटनमध्ये १७१४ सालचा दंगलविरोधी कायदा पुढच्या वर्षी अमलात आला. बारा किंवा त्याहून जास्त माणसे दंगा करत जमली, तर दंडाधिकाऱ्याने त्यांच्यासमोर उभे राहून सरकारी फर्मान मोठ्याने वाचायचे. त्यानंतर तासाभरात जो पांगला नाही त्याला जबर शिक्षा. आपल्याकडे जमावबंदी लागू झाल्यावर पोलिसांची गाडी कर्ण्यावरून सूचना देत फिरते, ती ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आता या वाक्प्रचारात अधिकार कुणाचा, जमाव कुठला, शेवटची संधी कशी, हे सगळे आले. म्हणून पालक मुलांना, शिक्षक वर्गाला, साहेब कचेरीला रायट ॲक्ट वाचून दाखवतो, पण शिपाई साहेबाला दाखवत नाही. चार पर्यायांत ‘सौम्य सल्ला देणे’ आणि ‘कडक समज देणे’ हे दोन्ही असले तर ‘ताकीद’ पाठ केलेला अडखळेल, फर्मान वाचणारा दंडाधिकारी डोळ्यांपुढे आलेला अडखळणार नाही. अर्थात उगमाची गोष्ट खरी असली पाहिजे. जोरदार पावसात गवताच्या छपरावरून कुत्री-मांजरे घसरून पडत, म्हणून ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’, ही क्लासांतून रंगवून सांगितली जाणारी कथा भाकड आहे.

राहिला सामाजिक मुद्दा. यादी ही गरिबाची शिडी आहे, असे म्हणतात. मला तर ती उलटी वाटते. इंग्रजी वातावरणात वाढलेल्या मुलाला नेहमीचे शब्द त्यांच्या सगळ्या छटांसह आधीच येतात. तो यादी वाचतो तेव्हा भरलेल्या कणगीवर वरून चार पसे टाकतो. मराठी माध्यमाच्या मुलाची कणगी तळाशी रिकामी असते आणि त्यालाही आपण तेच चार पसे देतो. दोघांना एकच यादी मिळाली म्हणून समता आली असे होत नाही. उलट त्या मुलाजवळ एक भांडवल असते, ज्याचा विसर त्याला क्लासने पाडलेला असतो. मराठीच्या तासाला त्याने वर्षानुवर्षे ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न सोडवला आहे. ‘हातावर तुरी देणे’ याचा नुसता अर्थ लिहून त्याला पुरे गुण कधी मिळाले नाहीत. वाक्य करावेच लागले, आणि वाक्य करताना कोण पळाला, कुणाच्या हातून पळाला, हे ठरवावे लागले. हीच शिस्त इंग्रजीला लावायला नवे वातावरण लागत नाही, पैसेही लागत नाहीत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. तिच्यातही शब्द थोडे आणि वाक्ये भरपूर, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे, असाच मार्ग होता. त्या पिढ्यांच्या घरी तरी कुठे इंग्रजी बोलत होते?

यादीचे खंडन झाले की काही जण लगेच दुसऱ्या टोकाला धावतात आणि सांगतात, रोज इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख वाचा, सगळे आपोआप येईल. हेही मला मान्य नाही. मधल्या पट्ट्यातला शब्द आज भेटला तर पुन्हा कधी भेटेल याचा नेम नसतो आणि एकदा भेटून शब्द रुजत नाही. उमेदवार काय करतो? शब्दाखाली रेघ मारतो, समासात मराठी अर्थ लिहितो आणि दुसऱ्या दिवशी नवा अग्रलेख काढतो. महिन्याने त्याच्याकडे तीस कात्रणे आणि समासातले तीनशे अर्थ जमतात, ज्यांच्याकडे तो परत फिरकत नाही. ही यादीच झाली, फक्त स्वतःच्या अक्षरातली. वाचन हवे, पण परत वळून बघणारे.

मग करायचे काय? माझ्या मते सगळा प्रश्न क्रमाचा आहे. पहिले साहित्य म्हणजे मागच्या परीक्षांतले आकलनाचे आणि क्लोजचे उतारे. ते प्रश्न म्हणून सोडवून फेकून न देता पाठ्यपुस्तक म्हणून वाचावेत. परीक्षा ज्या पट्ट्यातले इंग्रजी विचारते, तो पट्टा त्यांच्याइतका नेमका दुसरीकडे कुठे सापडत नाही. पुनरावृत्तीचा मुद्दा खरा असेल तर तो इथेही खरा आहे. दुसरे, वहीत सुटा शब्द लिहू नये, तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य लिहावे आणि खाली आपले एक करावे. ओळखीच्या शब्दाचा अनोळखी अर्थ सापडला तर त्याला वहीत पहिला मान द्यावा. मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांसाठी दोन पाने वेगळी ठेवली तरी चालतील, ती भरायला वेळ लागत नाही. तिसरे, उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे नव्हे. मानसशास्त्रज्ञ कार्पिक आणि रोडिगर यांनी २००८ साली विद्यार्थ्यांना स्वाहिली शब्दांच्या जोड्या शिकवल्या. ज्यांनी शब्द एकदा येऊ लागल्यावरही स्वतःला पुन्हा पुन्हा विचारून पाहिले, त्यांना आठवड्याने सुमारे ८० टक्के आठवले. ज्यांनी नुसते पुन्हा वाचले, त्यांना निम्मेही नाही. म्हणून शब्द झाकावा, वाक्यातली जागा रिकामी ठेवावी आणि स्वतःला विचारावे. आधी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने.

आणि यादी? तिलाही जागा आहे, शेवटी. परीक्षेच्या तोंडावर मागे विचारलेले वाक्प्रचार आणि ‘वन वर्ड’ एकदा डोळ्यांखालून घालायला तिच्यासारखे साधन नाही. तोवर तिच्यातले अर्धेअधिक शब्द वाचनात भेटून गेलेले असतील, म्हणजे ती पाठ करावी लागणार नाही, नुसती तपासावी लागेल. यादीने पहिल्या महिन्यात जे काम आपल्याला करायला लावले, तेच ती शेवटच्या महिन्यात कितीतरी कमी वेळात करून देते. वेळ कमी आहे हा पूर्वपक्षाचा मुद्दा अशा रीतीने त्याच्याच विरुद्ध जातो.

राज्यकारभारासाठी स्पर्धा परीक्षेने माणसे निवडण्याची पद्धत हिंदुस्थानासाठी ज्या अहवालावर उभी राहिली, तो मेकॉले यांच्या समितीचा अहवाल १८५४ सालचा आहे. पसारा मोठा आणि खोली थोडी अशा ज्ञानाला उत्तेजन देण्याची आपली मुळीच इच्छा नाही आणि विषयाला नुसते शिवून आलेल्याला त्या विषयाचे गुणच मिळू नयेत, असे त्या समितीने तेव्हाच बजावले होते. तरी लंडनमध्ये घोकून घेणाऱ्या शिकवण्या निघाल्याच. परीक्षा म्हटली की घोकंपट्टी येणार हे त्यावरून दिसते. पण परीक्षेला काय हवे असते, हेही दिसते. सीजीएलमधून निवडलेली माणसे आयकर, सीमाशुल्क, लेखापरीक्षण, केंद्रीय सचिवालय अशा ठिकाणी बसतात. त्यांच्या फायलीत लग्नाचा तिटकारा असलेला माणूस शब्दरूपाने कधी येत नाही. येतो तो करदात्याचे बँक खाते ‘अटॅच’ करण्याचा आदेश. ज्याच्या लेखी ‘अटॅच’ म्हणजे इमेलला फाइल जोडणे किंवा खोलीला जोडून असलेली न्हाणी एवढेच, त्याला ती जप्ती आहे हे तिथे कोण सांगणार? साध्या शब्दाचा पुरा अर्थ कळणे ही त्या खुर्चीची गरज आहे, आणि तिथपर्यंत पोचवणारी परीक्षा, कितीही ठरावीक वाटली तरी, बऱ्याच प्रश्नांत तेच तपासते आहे.